गाडी शर्यतीची, कंबर रोजची

आपल्या वरुड तालुक्यात कंबरदुखीचे रुग्ण मी भरपूर पाहिले. बैलगाडीच्या दांडीवर जन्म काढलेले शेतकरी पाहिले, ट्रॅक्टरचे चालक पाहिले, संत्र्याचे कॅरेट उचलून पाठ धरलेले मजूर तर दर हंगामात येतात. परंतु शर्यतीच्या मोटारीने कंबर मोडलेला रुग्ण शेंदूरजनाघाटसारख्या बागायती गावात आपल्याला पाहायला मिळेल, असे मला कधी वाटले नव्हते. हा रुग्ण माझ्या घरातलाच निघाला. तो माझा सख्खा भाचा. त्याचे नाव न सांगता, त्याच्याच संमतीने ही हकीकत आज वाचकांपुढे ठेवतो आहे. यात जेवढी चूक त्याची आहे, तेवढीच माझीही आहे, म्हणून ती सांगणे मला अधिक गरजेचे वाटते.

भाचा पुण्यात संगणकाच्या कंपनीत नोकरीला. २०२० च्या टाळेबंदीत तो गावी आला आणि घरूनच काम करू लागला. दुपारनंतर कंपनीचे काम आणि सकाळी वडिलांची संत्र्याची बाग, असा त्याचा क्रम बसला. हातात पैसा होता, लग्न व्हायचे होते आणि लहानपणापासून भिंतीवर लावलेल्या चित्रांतल्या लाल गाडीचे वेड होते. २०२३ च्या पोळ्याच्या सुमारास त्याने पुण्याहून जुनीच, पण चांगल्या स्थितीतली दोन माणसांची परदेशी स्पोर्ट्स कार घेतली आणि सुमारे सातशे किलोमीटर स्वतः चालवत ती गावात आणली.

गाव पाहायला लोटले. पोरांनी फोटो काढले. भाचा गाडीतून उतरताना आधी एक पाय बाहेर काढी, मग दाराला धरून सारे अंग वर ओढी. ते पाहून आमच्या शेजारचे एक म्हातारे बाबा म्हणाले, "अरे, हे गाडीत बसू रायले का बाजेवर निजू रायले जी?" सगळे हसले. मीही हसलो. त्या बाबांनी त्या एका वाक्यात निदान करून ठेवले होते, हे मला चार महिन्यांनी समजले.

मी त्याला म्हटले, "बाबू, हौसेची गाडी हौसेपुरती वापर. रोजच्याला वडिलांची गाडी आहे ना?" तो म्हणाला, "मामा, एवढे पैसे टाकून दारात पुजायला ठेवू का? मी त रोज चालवीन." आणि त्याने रोज चालवली. सकाळी पांदण रस्त्याने बागेपर्यंत, तिथून वरुड, आठवड्यातून एक-दोन वेळा मोर्शीवरून अमरावती.

सचिनची फेरारी

इथे एक प्रसिद्ध उदाहरण आठवते. २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी कसोटीतले २९ वे शतक काढून डॉन ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हा फियाट कंपनीने त्यांना लाल रंगाची फेरारी ३६० मोडेना भेट दिली. इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोनच्या शर्यतमार्गावर मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती त्यांना मिळाली. पुढे तिच्या आयातशुल्काच्या माफीवरून २००३ मध्ये बराच गाजावाजा झाला, तो अनेकांना आठवत असेल. ती गाडी सचिन यांनी २०११ मध्ये सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली. याउलट त्यांची पहिली गाडी साधी मारुती ८०० होती, आणि ती पुन्हा आपल्याला मिळावी, अशी इच्छा त्यांनी २०२० मध्ये बोलून दाखवली.

ती फेरारी त्यांनी का विकली, त्याच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण दोन्ही गाड्यांच्या मापाशी मात्र आहे. फेरारी ३६० ची उंची सुमारे १२१ सेंटिमीटर, मारुती ८०० ची सुमारे १४० आणि आपल्या जुन्या ॲम्बेसेडरची १६० च्या घरात. म्हणजे उभा राहिलेल्या माणसाच्या छातीपर्यंतही जी गाडी नीट येत नाही, तिच्यात त्याला स्वतःची घडी करून शिरायचे असते. अशा गाडीत बसायची जागा जमिनीपासून जेमतेम दीड वीत असते. घरातली साधी खुर्ची दोन वीत उंच असते.

गाडी बनवणाऱ्यांना हे ठाऊक नाही असे नव्हे. गाडी जमिनीलगत असली की वळणावर उलटत नाही, वारा कमी अडतो, वेग साधतो. म्हणून ती ठेंगणी करतात. जपानच्या होंडा कंपनीने १९९० मध्ये एनएसएक्स नावाची स्पोर्ट्स कार काढली, ती रोज वापरता यावी आणि चालकाला बाहेरचे चांगले दिसावे, हे ध्यानात धरूनच. म्हणजे रोजच्या वापरासाठी वेगळा विचार करावा लागतो, हे त्यांनाही पटलेले होते. पण तो विचारही गुळगुळीत रस्त्यांचा. आपल्या पांदण रस्त्याचा विचार जगात कोणत्याच स्पोर्ट्स कारवाल्याने केलेला नाही.

ठेंगण्या गाडीत शरीराचे काय होते?

इथे वाचक एक रास्त प्रश्न विचारतील. "डॉक्टर, आम्ही तर जन्मभर जमिनीवर मांडी घालून जेवलो. मग खाली बसल्याने कंबर कशी बिघडेल?"

त्याचे उत्तर असे. जमिनीवर बसलेला माणूस दर पाच-दहा मिनिटांनी बूड हलवतो, पाय बदलतो, भिंतीला टेकतो. त्याच्या खालची जमीन हादरत नाही. ठेंगण्या गाडीत मात्र गुडघे कमरेपेक्षा वर येतात, पाय समोर लांब ताणलेले राहतात आणि कमरेचा आतला नैसर्गिक बाक उलटा, म्हणजे बाहेर येतो. या अवस्थेत तासभर हालचाल न करता बसायचे आणि खालून सतत धक्के खायचे, यात फार फरक आहे.

आपल्या पाठीच्या दोन मणक्यांमध्ये एकेक गादी असते. तिला डिस्क म्हणतात. तिच्या मध्यभागी मऊ गर आणि भोवती चिवट तंतूंचे वेष्टन असते. आपल्या भागात उदाहरण द्यायचे तर संत्र्याची फोड घ्या. तिला पुढून दाबले तर रस मागच्या बाजूला सरकतो. कमरेत पुढे वाकून बसलो की डिस्कचा गरही असाच मागे रेटला जातो, आणि मागच्याच बाजूला पायांकडे जाणाऱ्या नसा असतात. वेष्टन फाटून गर बाहेर आला व त्याने नस दाबली की तिला आपण 'स्लिप डिस्क' म्हणतो आणि पायात उतरणाऱ्या त्या कळेला 'सायटिका'.

स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या डिस्कमध्ये सुई घालून तिच्यातला दाब मोजला. उभे राहण्यापेक्षा बसल्यावर दाब वाढतो, असे त्यांना दिसले. पुढे १९९९ मध्ये जर्मनीत झालेल्या मोजणीत यात थोडी दुरुस्ती झाली. पाठ नीट टेकून आरामात बसले तर दाब उभे राहण्यापेक्षा जास्त नसतो, पण पाठीचा बाक काढून पुढे वाकले की तो चढतो. म्हणजे बसणे हा गुन्हा नाही, कसे बसतो यावर सारे अवलंबून आहे.

दुसरा भाग धक्क्यांचा. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वांत जास्त साथ देतो. त्या गतीने खालून हादरे आले की ते शरीरात विरण्याऐवजी वाढतात आणि पाठीचे स्नायू थकून जातात. साध्या मोटारीची स्प्रिंग मऊ असते, टायर जाड असतो, त्यामुळे बराचसा धक्का तिथेच मुरतो. स्पोर्ट्स कारची स्प्रिंग वळणावर गाडी डगमगू नये म्हणून कडक आणि टायरची भिंत बोटभर. गुळगुळीत रस्त्यावर हे छान, खड्ड्यात मात्र सारे कमरेवर.

गतिरोधकाची गोष्ट आणखी वेगळी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असावा. त्यावरून ताशी २५ किलोमीटर वेगाने बिनत्रास जाता येते. आपल्याकडे उरलेल्या डांबराचा ढीग रस्त्यावर आडवा टाकला की गतिरोधक तयार. ज्या गाडीचे पोटच जमिनीपासून दहा-बारा सेंटिमीटरवर, तिने करावे काय? भाचा प्रत्येक ठिकाणी गाडी तिरकी घेई, मान बाहेर काढून पोट घासते का ते पाही, आणि त्याच वेळी डावा पाय कडक क्लचवर दाबून धरी. कमरेला पीळ, वर पायाचा जोर. आमच्या घरापासून बागेपर्यंत असे प्रसंग किती येतात ते मी एकदा शेजारी बसून मोजले. जाता-येता बावीस.

माझी चूक

दिवाळीनंतर एकदा जेवताना तो म्हणाला, "मामा, कंबर लय दुखून रायली. डाव्या पायात मुंग्या बी येतात." मी हसत म्हटले, "तुझ्या त्या बाजेला विचार!" आणि ताटावरून उठून दुखणे कमी होण्याच्या चार गोळ्या काढून दिल्या. घरचा माणूस म्हणून मी त्याला तपासणीच्या टेबलावर घेतलेच नाही. त्याला उताणे झोपवून पाय सरळ वर उचलून पाहायला मला दोन मिनिटे लागली असती. दवाखान्यात आलेल्या परक्या रुग्णाला मी ते नेहमी करतो. गोळ्यांनी दुखणे दबले आणि त्याचे गाडी चालवणे तसेच सुरू राहिले.

डिसेंबरमध्ये आंबिया बहाराची तोड चालू होती. एका दुपारी तो अमरावतीहून दोन-अडीच तास गाडी चालवून थेट बागेत पोहोचला. टेम्पो उभा होता, मजूर कमी होते. गाडीतून उतरला आणि तसाच वाकून वीस-बावीस किलोचे कॅरेट उचलू लागला. तिसऱ्या कॅरेटला कमरेत कट् असा आवाज झाल्यासारखे वाटले आणि तो तिथेच बसला.

वाचकहो, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बराच वेळ बसून आणि हादरे खाऊन आलेल्या माणसाच्या पाठीचे स्नायू थकलेले, अस्थिबंध सैल झालेले आणि डिस्क दाबाखाली असते. त्या वेळी लगेच वाकून वजन उचलणे फार धोक्याचे. ट्रकचालक स्वतःच माल उतरवतो तेव्हाही हेच घडते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीचा फोन आला. "भाऊ, हा पोट्टा सकाळपासून लघवीलेच गेला नाही. म्हणते, होतच नाही." मी हातातले काम टाकून निघालो. जाऊन पाहतो तो दोन्ही पाय जड. चवड्यावर उभे राहता येईना. मी विचारले, "सायकलच्या सीटवर जो भाग टेकतो, तिथे हात लावल्यावर कळते का?" तो थोडा लाजला आणि म्हणाला, "नाही मामा, काल रात्रीपासून बधीर वाटते."

कण्याच्या खालच्या टोकाला नसांचा एक जुडगा घोड्याच्या शेपटीसारखा लोंबत असतो. लघवी, शौच, जननेंद्रिये आणि पाय यांचा कारभार त्याच्याकडे. डिस्कचा मोठा तुकडा निसटून हा जुडगाच दाबला गेला तर शस्त्रक्रियेला वेळ लावून चालत नाही. लक्षणे सुरू झाल्यापासून एक-दोन दिवसांच्या आत, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. उशीर झाला तर लघवीवरचा ताबा जन्मभरासाठी जाऊ शकतो. २८ वर्षांच्या पोरासाठी याचा अर्थ काय, हे मी बहिणीला त्या वेळी सांगितले नाही.

त्याला त्याच रात्री नागपूरला न्यायचे ठरले. दारात लाखो रुपयांची, वाऱ्याच्या वेगाची गाडी उभी होती आणि तिच्यात रुग्णाला आडवे करायला जागा नव्हती. शेजाऱ्यांची बोलेरो काढली, मागे गादी टाकली आणि काटोलमार्गे निघालो. आधी मी नळी घालून लघवी काढून दिली होती. दर खड्ड्याला तो दात आवळत होता. मी त्याच्या उशाशी बसून दिवाळीतले ते जेवणाचे ताट आठवत होतो.

रात्रीच एमआरआय झाला आणि पहाटे शस्त्रक्रिया. तीन आठवड्यांनी त्याची लघवी पूर्ववत झाली. चालणे सुधारायला उन्हाळा उजाडला. डाव्या पायाच्या अंगठ्याला अजूनही थोडा बधीरपणा आहे, तो बहुधा राहील. एवढ्यावर निभावले हे आमचे भाग्य.

सगळी कंबरदुखी अशी नसते

हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. शंभरातल्या बहुतेकांची कंबरदुखी स्नायूंची असते आणि काही आठवड्यांत बरी होते. स्लिप डिस्क असली तरी बहुतेकांना दीड ते तीन महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय आराम पडतो. पूर्वी आम्ही डॉक्टर मंडळी अशा रुग्णाला फळीवर तीन-तीन आठवडे झोपवून ठेवत असू. ते आता मागे पडले. १९९५ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकी शहरातील नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा जमेल तेवढी नेहमीची कामे करत राहिलेले लवकर बरे झाले. म्हणून फार तर एक-दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणे-फिरणे.

पण पुढील लक्षणे दिसली तर गोळ्या घेत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवी अडणे किंवा नकळत होणे. शौचावरचा ताबा सुटणे. सायकलच्या सीटवर टेकणारा भाग बधीर होणे. दोन्ही पायांत कळ किंवा अशक्तपणा. पाऊल घासत चालणे. आणि कंबरदुखीसोबत ताप किंवा वजन घटणे. लघवीच्या जागेबद्दल बोलायला आपल्याकडे लाज वाटते. माझ्या भाच्याने त्या लाजेपायी एक रात्र घालवली. तुम्ही घालवू नका.

गाडी कोणतीही असो

आपल्यापैकी कोणी फेरारी घेणार नाही, हे खरे. पण शर्यतीच्या ढंगाच्या, पुढे वाकून बसायच्या मोटारसायकली आपल्या गावातल्या किती तरी पोरांकडे आहेत. त्याच पोटाशी पाय आणि पाठीला बाक घेऊन ती रोज वरुडच्या कॉलेजात जातात. नियम दोघांनाही सारखेच.

१. रोजची गाडी डोळ्यांनी पसंत करू नका, कमरेला विचारा. विकत घेण्याआधी निदान अर्धा तास, आपल्या नेहमीच्या रस्त्यावर चालवून पाहा. पाच वेळा चढा-उतरा.

२. बसल्यावर गुडघे कमरेच्या पातळीत किंवा किंचित खाली असावेत. सीट फार मागे लोटू नका. पाठ किंचित मागे कललेली असावी आणि कमरेच्या बाकात टॉवेलची गुंडाळी ठेवावी.

३. ठेंगण्या गाडीतून उतरताना आधी दोन्ही पाय एकत्र बाहेर काढा, मग दोन्ही हातांचा आधार घेऊन उठा. एक पाय आत, एक बाहेर असा पीळ देऊन उठू नका.

४. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवा, पाच मिनिटे चाला. हे केवळ कमरेसाठी नाही. चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये नमूद केले आहे.

५. गाडीतून उतरल्याबरोबर वजन उचलू नका. दहा मिनिटे चाला, पाणी प्या, पाठ मागे वाकवून सैल करा, मगच कामाला लागा. कॅरेट उचलताना गुडघ्यात वाका, कॅरेट पोटाशी धरा.

६. मिशीवरच्या मस्करीत घरच्या माणसाचे दुखणे उडवू नका. हा नियम मी माझ्यासाठी लिहिला आहे.

लाल गाडी आजही भाच्याकडे आहे. गोठ्याशेजारच्या टिनाखाली, ताडपत्री घालून ठेवलेली असते. दसऱ्याला तिला धुऊन हार घालतात, आणि सकाळी रस्ता मोकळा असताना तो तिला वरुडपर्यंत एक फेरी मारून आणतो. परवा तसाच आला, आधी दोन्ही पाय बाहेर काढले, मग उठला. मी ओट्यावरून पाहत होतो. माझ्याकडे बघून म्हणाला, "बराबर उतरलो ना मामा?" आणि वडिलांच्या जुन्या गाडीची किल्ली घेऊन बागेकडे गेला.